भिंतीआडचा नळ

“अंडं फोडलं की अंडं नासकंय की घर, तेच मेलं कळत नाही इथं,” स्वयंपाकीण मिसेस टॅथम माझ्या खांद्याशी पुटपुटली. फोडलेलं अंडं तिने पुन्हा एकदा नाकाशी नेलं. अंडं चांगलं होतं. तिने ते भांड्यात ओतलं आणि वरून एक सुस्कारा सोडला, चिमूटभर मीठ टाकावं तसा.

म्हातारीसाठी लापशी न्यायला मी स्वयंपाकघरात उतरले होते. मी लापशीचं वाडगं उचललं. त्या घरात या विषयावर मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. पुटपुटण्यापर्यंत चालून जायचं.

घर म्हणजे ब्रॅकन टॉवर्स. रॅम्सक्लफच्या दरीत आमची सुताची गिरणी, आणि दरीच्या वरच्या अंगाला, धूर पोचणार नाही अशा बेताने, गिरणीचे मालक जेबेझ क्रॉशॉ यांनी बांधलेला हा डोलारा. धूर पोचलाच. पहिल्याच हिवाळ्यात मधाच्या रंगाचा तो दगड असा काळवंडला, की लांबून बघणाऱ्याला वाटावं घराला घाम आलाय आणि तो पुसायला कोणी नाही. छपराच्या कडेने दगडी भुतं बसवली होती. पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून पडायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर ओकल्यासारखं. मनोऱ्याला बाण मारायच्या अरुंद फटी होत्या. बाण कोणावर मारायचे ते देवाला ठाऊक. संपावर गेलेल्यांवर, असं आमच्या आळीत म्हणत.

आत गेलं की मोठा दिवाणखाना, उलट्या घातलेल्या जहाजासारखं त्याचं लाकडी छत. भिंतींवर हरणांची शिंगं, एका लिलावातून गाडीभर आणलेली. मालकांनी जन्मात उंदरापलीकडे काही मारलं नव्हतं. समोरच्या रंगीत काचांच्या खिडकीत सूत कातणारी एक जुन्या काळची राणी होती आणि तिचा चेहरा होता आमच्या ऑगस्टाबाईंचा, मालकांच्या बायकोचा. बाईसाहेब दक्षिणेकडच्या, पाद्र्याच्या घरातल्या. त्यांनी सूत ओढलेलं मी एकदाच पाहिलं, बाहीचं उसवलेलं.

आणि एवढ्या सगळ्या खिडक्या, पण एकही गावाकडे उघडत नव्हती. सगळ्या माळरानाकडे, मेंढरांकडे, ढगांकडे. ज्या गिरणीने हे घर उभं केलं तिच्याकडे घराने पाठ करून घेतली होती, लग्नात गरीब नातेवाइकाकडे करतात तशी. अपवाद एका फटीचा. मनोऱ्यातल्या सगळ्यात वरच्या खोलीत, वीतभर रुंद. त्या फटीशी माझी म्हातारी बसायची.

माझी म्हणजे मालकांची आई, केझाया क्रॉशॉ. पण मला ती मावशी. माझी आई गेली तेव्हा मी, झिला, मागाच्या खाली सरपटत धागे जोडणारी पोर होते. केझाया मावशीचे माग माझ्या शेजारी. तिचा नवरा आधीच गेलेला, जेबेझ कांड्यांच्या टोपलीत झोपलेला, आणि तिने त्याच्या बरोबरीने मलाही वाढवलं. विणायला तिने शिकवलं. बोलायलाही तिनेच.

मागांच्या खडखडाटात आवाजाने बोलणं होत नाही. पुढे पुढे कानही जातात. आमच्याकडे विणकर ओठांनी बोलतात, तोंड मोठं करून, शब्द चघळल्यासारखा, आणि मागांच्या खात्याच्या त्या टोकाला उभ्या बाईला या टोकावरून कळतं की काल रात्री कोणाचा नवरा पिऊन आला. मावशी तर ठार बहिरी झाली होती. म्हणून तिला या घरात आणलं तेव्हा सोबतीला मलाही आणलं. तिचं बोलणं मी इतरांना आवाजात सांगायचं आणि इतरांचं तिला ओठांनी.

घरातल्या वाढपिणी, झाडूवाल्या, सगळ्या आमच्याच खात्यातून आलेल्या पोरी. पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे हात बांधून उभ्या राहिल्या तरी त्यांची तोंडं चालू असायची, बिनआवाजी. पाहुण्याला वाटावं पोरगी दात कोरतेय. आणि ती समोरच्या मैत्रिणीला सांगत असायची की या बाईच्या अंबाड्यातले निम्मे केस घोड्याचे आहेत. बाईसाहेबांना त्या तोंड वेंगाडण्याची किळस यायची. मालक कधीच आमच्या तोंडाकडे बघत नसत. जेवताना त्यांची नजर ताटात. लहानपणीच ते खात्यातून हिशेबनिसाच्या हाताखाली गेले होते, त्यामुळे विसरले, असं आम्ही धरून चाललो. काही जणी म्हणायच्या, विसरला कसला, मोठा झालाय. सगळ्यांचा अर्थ एकच, की मालकांसमोर ओठांनी काहीही बोललेलं चालतं. आणि पोरी काहीही बोलायच्या.

बहुतेक घाणीबद्दलच बोलायच्या.

आमच्या आळीत सगळ्यांना मिळून अंगणापलीकडे एक संडास. नाक दाबून जायचं, नाक दाबून यायचं, आणि घाण कुठे आहे हे लहान पोरालाही माहीत. इथे मजल्यामजल्यावर संडास, चिनी मातीचे, आत निळी फुलं काढलेले. साखळी ओढली की सगळं धबधब्यासारखं खाली. पाहुण्यांना आधी रंगीत खिडकी दाखवत आणि मग ते. लंडनहून आलेल्या लीथसाहेबांनी, म्हणजे ज्यांनी या घराचा नकाशा काढला त्यांनी, एकच अट घातली होती: दर्शनी भिंतीवर एक नळ दिसता कामा नये. तेव्हा मैल्याचे सगळे नळ त्यांनी भिंतींच्या पोटातून नेले. अशा नळाला हवा जायला एक तोंड छपराच्या वर काढावं लागतं. तेही त्यांना मनोऱ्याच्या टोकाशी शोभेना. मग ते तोंड मनोऱ्याच्या भिंतीतच संपवलं आणि त्यावर गिलावा फिरवला. बांधकाम चालू असताना गावातला जो तो वर चढून बघून गेला होता. गाव म्हणालं, बरोबरच आहे, श्रीमंताचा गू आहे, चारचौघांत कशाला येईल.

ती भिंत मावशीच्या खोलीची.

खोलीला सोनेरी डाळिंबांचा कागद लावला होता, फ्रान्सहून आणलेला. पहिल्या उन्हाळ्यात फटीच्या बाजूच्या एका डाळिंबाखाली तपकिरी डाग उमटला. मग तो पसरला. एकेक डाळिंब आतून सडल्यासारखं फुगलं, कागद भिंतीपासून सुटला आणि त्याच्या पोटात काहीतरी ओलं साचलं. माझी बाही तिथे घासली की चिकटायची. माश्या यायच्या त्या इतर कुठे बसत नसत, त्या डागावरच, गुळावर बसाव्यात तशा. आणि वास. तो नाकात राहत नसे, जिभेवर चढायचा. लोण्याला यायचा, दुधाला यायचा, उशीला यायचा. मी रविवारी आळीत बहिणीकडे गेले की तिची पोरं माझ्या शालीला हुंगायची आणि एकमेकांना कोपरानं ढोसायची. मला घासून घासून आंघोळ करावीशी वाटायची आणि आंघोळीच्या खोलीत तर तो आणखीच.

घरात मात्र त्याला दुसरी नावं होती. बाईसाहेब म्हणत, नवा गिलावा आहे. लीथसाहेबांनी पत्राने कळवलं की चुन्याला वाळायला दोन हिवाळे लागतात. डॉक्टर म्हणाले, दरीतलं धुकं. पाहुणे जिना चढताना रुमाल नाकाला लावत आणि वर पोचल्यावर म्हणत, काय मोकळी हवा आहे हो इथे. बाईसाहेबांनी खोल्याखोल्यांतून लव्हेंडरच्या पुरचुंड्या टांगल्या. त्याने एवढंच झालं, की आधी नुसती घाण यायची, आता कोणीतरी बागेत बसलंय अशी यायची.

मावशी वसंतापासून आजारी होती. पोट राहीना, अन्न टिकेना. चांगली थोराड बाई, तिचे हात काड्या झाले. डॉक्टरांनी हवापालट सांगितला, तर मी तिला माझ्या बहिणीच्या घरी नेलं. खाली, धुरात. तिथे तिने दुसऱ्याच दिवशी कांद्यात शिजवलेली वजडी मागून खाल्ली, ओटच्या भाकरीने वाडगं पुसलं आणि शेजारच्या बायांना ओठांनी असल्या गोष्टी सांगितल्या की माझी बहीण लाजून अंगणात गेली. आठवडाभरात गालांवर रंग आला. मग मालकांची बग्गी आली. मनोऱ्यात परतली त्याच संध्याकाळी तिने मला बादली आण म्हणून खूण केली.

तोंड पुसून झाल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि ओठांनी विचारलं, “मावशे, सांग ना त्याला. तुझा मुलगा आहे.”

तिने फटीतून बाहेर बघितलं. गिरणीचं धुराडं चालू होतं. मग तिने तोंड उघडलं, आणि अगदी हळू, खात्यात कोणाला कळू नये म्हणून बोलतात तसं, ती म्हणाली, “काय सांगू, झिला? त्याने मला सगळ्यांच्या वर बसवलंय. त्याला सांगू का, की बाबा, तू मला संडासावर बसवलंस?”

दुसरी खोली माग, मी म्हटलं. दुसऱ्या कुठल्या खोलीतून धुराडं दिसतं, तिने विचारलं. आयुष्यभर ती धुराडं बघून उठली. ते चालू असलं की भाकरी आहे. लढाईमुळे अमेरिकेतला कापूस बंद झाला त्या वर्षांत ते थंड पडलं होतं आणि तेव्हा काय खाल्लं ते आम्ही दोघी कोणाला सांगत नाही. आणि मग तिने माझ्याकडून शपथ घेतली, की मीही सांगणार नाही.

मालक रोज सकाळी यायचे. गिरणीत जायच्या आधी, हातात टोपी. आईच्या कपाळावर ओठ टेकवायचे आणि मला विचारायचे, आई काय म्हणते? मावशी ओठांनी म्हणायची, छान झोप लागली, आणि मी म्हणायचे, छान झोप लागली म्हणतात. पायाशी बादली झाकून ठेवलेली असायची. एकदा ते जाता जाता त्या डागाशी थांबले. एक बोट लावलं. बोट खाली आणलं, त्याकडे बघितलं, रुमालाला पुसलं आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. “दमट आहे जरा,” ते म्हणाले. मला नाही, भिंतीला. मी त्यांच्या पाठीकडे बघून ओठांनी म्हटलं, दमट म्हणे, मेल्या, नाक गिरणीत विसरलास का. मावशीने मला चापट मारली. समोरच्या आरशात मालकांचा चेहरा दिसत होता, आणि त्यांना माझा दिसत असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

जुलैमध्ये लीथसाहेब आले. बरोबर यॉर्कशरचे लोकरीच्या गिरणीचे मालक, मिस्टर बिन्स, आणि त्यांची बायको. त्यांना घर बांधायचं होतं आणि लीथसाहेब त्यांना नमुना दाखवायला आणत होते. कडक ऊन पडलं होतं. आठवडाभर वारा नव्हता. घर आतून उतू जात होतं. मिसेस टॅथमने मासळी तळघरातून आणली ती थेट शिजत टाकली, मध्ये श्वास घेऊ दिला नाही. बाईसाहेबांनी टेबलावर एवढी लिली रचली की समोरचा माणूस दिसेना. लिलीचा वास आणि तो वास मिळून जे झालं ते मी लिहीत नाही. एका वाढपिणीने समोरचीला ओठांनी विचारलं, मयत कोणाची? समोरची म्हणाली, अजून ठरलं नाही.

मावशीलाही खाली आणा, असं मालकांनी सांगितलं होतं. आईला मनोऱ्यात किती मानाने ठेवलंय हे पाहुण्यांना कळावं, असं बाईसाहेबांचं म्हणणं. आम्ही तिला खुर्चीसकट उचलून आणलं. काळ्या रेशमी झग्यात ती म्हणजे खुंटीला लावलेला झगा. मालकांच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिला बसवलं आणि मी तिच्या मागे उभी राहिले.

मिस्टर बिन्स भला माणूस होता, गोल, लालबुंद, मोठ्याने हसणारा. आमच्यातलाच, वर आलेला. लोकर विंचरणाऱ्याचा मुलगा, त्याने स्वतःच सांगितलं, आणि त्याच्या बायकोने टेबलाखालून त्याला लाथ मारली. त्याला सगळंच आवडलं. छत आवडलं, शिंगं आवडली, ओकणारी भुतंही आवडली. हेच हवं, असंच्या असं, काही बदलू नका, तो लीथसाहेबांना म्हणाला. लीथसाहेब हसले आणि त्यांनी काट्याने हवेत एक मनोरा काढला. मिस्टर बिन्स मासळीचा घास चघळता चघळता थांबला, मला वाटलं आता रुमाल काढतो, पण तो नुसता पाणी प्यायला. मग म्हणाला, मनोरा तर हवाच. आमची चार लेकरं आहेत, धाकटी अजून पाळण्यात, धुराने खोकतात सगळी. त्यांना मी मनोऱ्यात ठेवणार. थेट वरच्या खोलीत, अगदी या थोरल्या मिसेस क्रॉशॉंच्या खोलीसारख्या. उंचावर, चांगल्या हवेत.

तो मोठं तोंड करून बोलणारा माणूस होता. मावशीने त्याच्या ओठांवरून सगळं वाचलं. माझ्या हाताखाली तिचा खांदा ताठ झालेला मला कळला.

तिने तळहात टेबलावर आपटला. एकदा, मग पुन्हा, मागाच्या चौकटीवर आपटतात तसा. मधली लिलीची फुलदाणी आडवी झाली. सगळ्यांच्या माना वळल्या. ताटात बघत असलेले मालक, त्यांनीही मान वर केली, आणि आईकडे बघितलं. सरळ तिच्या तोंडाकडे.

मावशीने तोंड उघडलं, खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायला उघडतात एवढं. दात नसलेलं ते तोंड. पाहुण्यांना एक म्हातारी वेंगाडताना दिसली. मिसेस बिन्सने नजर वळवली. पण वाढपिणी, मी, दारात उभी मिसेस टॅथमसुद्धा, आम्ही सगळ्यांनी वाचलं.

पोरांना नको, जेबेझ. मी सोसलं असतं. पोरांना नको, रे.

“आजीबाई काहीतरी सांगतायत वाटतं,” लीथसाहेब हसून म्हणाले. “काय म्हणतात?”

बाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला माहीत होती आणि त्यावरचं उत्तरही माझ्या तोंडात तयार होतं, रोजचंच, की खिडकी फार सुंदर आहे म्हणतात. मावशीने मला शपथ घातली होती. मी श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर ती घाण पुन्हा जिभेवर आली आणि मी तोंड मिटून घेतलं.

तेव्हा मालकांचे ओठ हलले. बिनआवाजी. मोठे, गोल, स्वच्छ, कांड्यांच्या टोपलीत वाढलेल्या पोराचे ओठ. ते म्हणाले, बरं, आये.

एका पोरीच्या हातातलं सॉसचं भांडं कलंडलं आणि सॉस गालिच्यावर सांडत राहिला. कोणी पुसायला वाकलं नाही. सगळ्याजणींच्या डोळ्यांसमोरून काय काय जात होतं ते मला माझ्यावरून कळत होतं. दोन वर्षं या टेबलाभोवती आम्ही जे जे बोललो ते. आरशासमोर मी बोलले ते. मालक उठून उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमाल नाकाशी नेला आणि पुन्हा खाली केला, जणू आता त्याचं काम उरलं नाही. ऑगस्टाबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो हळूच काढून टेबलावर ठेवला.

“मिस्टर बिन्स,” ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या बोलण्यात आमच्या आळीचा हेल होता, “आई म्हणते, तुमची पोरं त्या मनोऱ्यात ठेवू नका. वरच्या भिंतीत नळ सोडलाय. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे आणि या पोरींनाही ठाऊक आहे, त्या रोज माझ्यासमोर बोलतात. माझ्या घराला गुवाची घाण येते, आणि त्यात माझी आई मरतेय.”